नळाची वात

घर दाखवताना त्यांनी मला माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, एकटीच राहणार का हेही विचारलं नाही. राळेगावात त्याआधी मी चार घरं पाहिली होती आणि चारही ठिकाणी सुरुवात याच प्रश्नांनी झाली होती. हे गृहस्थ मला थेट न्हाणीघरात घेऊन गेले, नळ सोडला आणि बाजूला उभे राहिले.

"बंद करून दाखवा."

मी नळ बंद केला.

"असंच पिळता का नेहमी?"

"थेंब राहू नये म्हणून," मी म्हणाले.

"मॅडम, कोंबडीची मान नाही होय ते. धार थांबली का हात काढून घ्याचा. थेंब त्याच्या मनानं थांबते." त्यांनी नळ पुन्हा सोडला. "आता करा."

तिसऱ्या खेपेला माझा हात त्यांच्या मनासारखा पडला असावा. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नळाची मूठ पुसली आणि म्हणाले, "जमते. राहा."

मी राहिले. त्याला आता नऊ वर्षं होत आली. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. साताऱ्याकडून आलेली, बोलायला जरा मागेच राहणारी. दिवसभरात मी जे काही बोलते त्यातलं बरंचसं पुस्तकं परत करण्याविषयी असतं. घराच्या मागच्या दोन खोल्या माझ्या, पुढच्या दोन त्यांच्या आणि मध्ये पाण्याच्या हौदाची चिंचोळी जागा. गल्लीतल्या सगळ्यांसारखी मीही त्यांना काकाजी म्हणायची.

गेल्या थंडीत त्यांच्या मुलाचा नागपूरहून फोन आला. काकाजी सकाळी गेले, म्हणाला. दहाव्याला मी जाऊन आले. परतीच्या एसटीत मला वाटत होतं की कुणीतरी आपल्याला त्यांच्याविषयी काहीतरी विचारावं. कुणी विचारलं नाही. भाडेकरणीला कोण विचारणार? म्हणून हे लिहिते आहे.

तीस वर्षं ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. ते जिन कधीच बंद पडलं, पण त्यांचा कान तिथेच राहिला होता. कुठल्याही बिघाडाकडे ते आधी बघायचे नाहीत, ऐकायचे. पेचकसाचं टोक पाइपाला लावायचं, मूठ कानावर दाबायची आणि डोळे मिटायचे. जिनात यंत्रांच्या बेअरिंगा अशा ऐकायच्या असतात म्हणे. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळासमोर ते असे उभे राहिले की मला उगीचच श्वास रोखून धरावासा वाटे.

"काय ऐकू येतं, काकाजी?"

"नर्सबाई," ते म्हणायचे.

या घरातल्या प्रत्येक बिघाडाला जुन्या भाडेकरूचं नाव होतं. सिंकखालची गळती नर्सबाईची, कारण तिच्या काळात ती सुरू झाली. मागच्या दाराची कडी तलाठ्याची. तलाठी रागीट होता, दार आपटायचा, तेव्हापासून कडी खाली बसली ती बसलीच. बैठकीतलं बटण दोनदा दाबल्याशिवाय दिवा लागत नसे, ते बँकवाल्याचं. "तो काही कराच्या आधी दोनदा विचार करे," काकाजी सांगायचे. "बटनालेही सवय लागली." हे लोक कुठल्या कुठे बदलून गेले असतील, पण घरात त्यांची ये-जा चालूच होती. मला ते आवडायचं. एकटं राहणाऱ्या माणसाला घरात तलाठी आणि नर्सबाई असणं बरं वाटतं.

एकदा मी विचारलं, "माझ्या नावावर काय आहे?"

त्यांनी बराच विचार केला. "तुमच्या नावावर काहीच नाही, मॅडम. तुम्ही लय जपून राहता. कोपऱ्यात ठेवल्यासारख्या. घर वापरा ना थोडं."

ते हे अगदी सरळपणे म्हणाले आणि पान्यावरचा गंज घासायला लागले. मी आत जाऊन उगीचच भांडी घासली.

पहिल्या महिन्यात आमचा एक गैरसमज झाला होता. नर्सबाई पुन्हा गळायला लागली तेव्हा मी त्यांना सांगायला गेले. ते म्हणाले, "पाहून राह्यलो ना, मॅडम." आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. मला वाटलं, पाहून झालं आहे आणि आता ते तसंच राहू द्यायचं ठरलं आहे. मी चार दिवस सिंकखाली पातेलं ठेवून गप्प राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी पातेलं पाहिलं.

"हे कायले?"

"तुम्हीच म्हणालात, पाहून राहिलो म्हणून."

"मंग? पाहूनच तं राह्यलो. चार दिवसांपासून पाहून राह्यलो. सकाळी गळते का संध्याकाळी, भरल्या टाकीले गळते का रित्या टाकीले. पाहिल्याबिगर हात कसा लावाचा?"

तेव्हा मला कळलं की वऱ्हाडात 'राह्यलो' म्हणजे काम चालू आहे. त्यांची सगळी कामं चालूच असत.

ती चालू असल्याचं ते सगळ्या गल्लीला ऐकवतही असत. ही त्यांची सगळ्यात विक्षिप्त सवय. माझ्याकडे दुरुस्तीला आले की आधी दार सताड उघडायचे, मग दोन्ही खिडक्या. चहा काम झाल्यावर, तोही बाहेर ओट्यावर उभ्यानं. आणि काम करताना प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगायचे. "आता कॉक बंद करून राह्यलो. आता नट सोडून राह्यलो. आता वायसर काढून राह्यलो." माझ्या दारासमोरच्या घरातल्या वहिनी अंगणात काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या, त्या तिथूनच विचारायच्या, "निंगालं का हो काकाजी, वायसर?"

"निंगालं. पार चामडं झालं त्याचं."

"मॅडमनं पिळला असन नळ."

"मॅडम पिळत नाही. ते नर्सबाईचं हाय."

मला सुरुवातीला याची फार लाज वाटायची. आपल्या घरातलं सगळं असं चव्हाट्यावर का मांडायचं? पुष्कळ दिवसांनी उमगलं की ते माझ्यासाठी होतं. एकट्या बाईच्या घरात एक पुरुष तासभर काय करतो आहे, याची शंका घ्यायला ते कुणाला फटच ठेवत नव्हते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मिस्त्री हा शब्द त्यांना चालत नसे. "मिस्त्री येते, जुनं फेकते, नवं बसवते. नवं बसवाले अक्कल कायले लागते?" नळ बसवताना आट्यांवर लावायची पांढरी पट्टी आता सगळीकडे मिळते. तिला ते प्लास्टिकचा कागद म्हणायचे. त्यांच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात रुई असे, सरकी काढलेला स्वच्छ कापूस, कुठूनतरी मागून आणलेला. संध्याकाळी ओट्यावर बसून पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून ते नडगीवर त्याच्या वाती वळत. लांब, सारख्या, मधे कुठे गाठ नसलेल्या. रस्त्यानं जाणारी नवखी माणसं त्यांना नमस्कार करायची. एवढ्या वाती म्हणजे काहीतरी व्रत असणार.

त्या वाती नळासाठी होत्या. आट्यावर तेलाचं बोट फिरवायचं, वात गुंडाळायची आणि नळ बसवायचा. पाणी लागलं की कापूस फुगतो आणि फट बुजते. काकू होत्या तेव्हा देवासाठी याच डब्यातून वात न्यायच्या, असं त्यांनी सांगितलं. "ते म्हने, माया देवाले नळाची वात लावता तुम्ही. मी म्हनो, नाही, नळाले देवाची लावतो." काकूंविषयी त्यांच्याकडून मी ऐकलेली ही एकच गोष्ट.

वाती मला लहानपणापासून वळता येतात. हळूहळू त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. मग गुंडाळायलाही शिकवलं. नळ फिरवून बसवताना वात आवळत गेली पाहिजे, अशाच अंगानं ती गुंडाळायची. उलट्या अंगानं गुंडाळली तर नळ फिरवला की वात सुटत बाहेर येते. एवढंच त्यातलं गुपित. मला ते पटकन आलं नाही. ते माझा हात न धरता, नुसते समोर स्वतःचा हात हवेत फिरवून दाखवायचे आणि मी आरशात बघितल्यासारखी उलटं करायची. त्या दिवसांत आम्ही हसायचो. मी हसते आहे हे मला हसून झाल्यावर लक्षात यायचं.

नागपूरला त्यांचा मुलगा होता, आहे. चांगला मुलगा. दर रविवारी फोन करायचा, दिवाळीला बायको-मुलीला घेऊन यायचा. त्याचं म्हणणं होतं की बाबांनी आता तिकडे यावं. जोवर तब्येत ठीक आहे तोवर मी ओढून नेणार नाही, पण काही कमी-जास्त झालं तर मात्र ऐकणार नाही, असं त्यानं माझ्यासमोरच सांगितलं होतं. काकाजी त्याच्याकडे कधीमधी जाऊन यायचे आणि आल्यावर दोन दिवस गप्प असायचे.

"काय झालं?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. लय चांगलं ठेवते. नळ बिघडला का फोन करते. टोपीवाला मानूस येते, नवा बसवून जाते." मग जरा वेळानं, "मी सोफ्यावर बसलो राह्यतो. पाय वर घ्याचे नाही का खाली सोडाचे, तेच समजत नाही."

पोळ्याच्या सुमाराला माझा न्हाणीतला नळ त्यांनी खोलला. मी वात हातात दिली. ते नेहमीसारखं मोठ्यानं बोलत होते, "आता वात लावून राह्यलो." बोटं फिरत होती. मी बघत होते आणि मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळायला वेळ लागला. ते उलटं गुंडाळत होते.

नळ बसवला. वात सुटून पांढऱ्या शेपटीसारखी बाहेर आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नळ काढला, वात पुन्हा घेतली आणि पुन्हा उलटी गुंडाळली.

"वातीतच खोट हाय," ते म्हणाले.

"असेल," मी म्हणाले. "मीच नीट वळली नाही."

तिसऱ्यांदा त्यांनी दाबून बसवला आणि चहा न घेता गेले. दुपारी ते झोपल्यावर मी कॉक बंद केला, दुपट्ट्यासारखं काहीतरी हाताला गुंडाळून नळ सोडवायचा प्रयत्न केला, पण तो हलला नाही. पुढच्या शनिवारी यवतमाळला जाऊन मी एक पाना आणला. राळेगावातल्या दुकानातून घेतला असता तर संध्याकाळपर्यंत त्यांना कळलं असतं की मॅडमनं पाना नेला. त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं नळ बसवला. थेंब पडत नव्हता. संध्याकाळी ते आले, पेचकस लावून त्यांनी ऐकलं आणि समाधानानं म्हणाले, "बसला. वात फुगाले वेळ लागते."

तिथून ते सुरू झालं. ते दुरुस्त करून जायचे आणि ते गेले की मी त्यांची दुरुस्ती दुरुस्त करायची. कडीचा स्क्रू, टाकीचा फ्लोट, कपाटाची बिजागरी. हौदाचा कॉक एकदा त्यांनी बंद केला आणि विसरले; पुढच्या बाजूला दिवसभर पाणी नाही म्हणून ते नगरपंचायतीवर चिडले होते. मी जाऊन कॉक सोडला आणि म्हणाले, "आलं हो काकाजी, पाणी." कधी ते माझ्या सिंकसमोर उभे राहून नर्सबाईला तलाठी म्हणायचे. मी दुरुस्त करत नसे. समोरच्या वहिनींनी एकदा अंगणातून विचारलं, "काकाजी, तलाठी तं कडीवाला होता ना?" ते थांबले. मी खिडकीतून म्हणाले, "दोघांचंही आहे ते." वहिनींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि सूप घेऊन आत गेल्या.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला पक्कं माहीत होतं. तिकडे ते, तो सोफा, तो टोपीवाला माणूस. आणि इकडे मी.

दिवाळीला मुलगा आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच मागे आला आणि हौदापाशी उभा राहिला. "मॅडम, तुम्ही रोज पाहता त्यांना. काही फरक वाटते का? फोनवर एकच गोष्ट दोनदोनदा सांगतात. काल माझ्या मुलीला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली."

"वयानं होतंच थोडं," मी म्हणाले.

"बाकी ठीक आहेत?"

"ठीक आहेत. परवाच माझा नळ बसवला त्यांनी."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. त्याला तेच ऐकायचं होतं, आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मी शिकलेली बाई, ग्रंथपाल, उगीच काही बोलणार नाही. मी खोटं का बोलले याचं एक बरं उत्तर माझ्याकडे होतं आणि पुष्कळ दिवस मी ते स्वतःला देत होते, की ते इथेच सुखी आहेत, त्यांना उपटून नेलं तर ते वाळतील. हे खरंच होतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं. संध्याकाळी ओट्यावर वाती वळत बसायला मला त्या गावात दुसरं कुणी नव्हतं. ते गेले असते तर माझ्याकडे आठवड्यातून एकदाही कुणी आलं नसतं. मी त्यांना लपवून ठेवलं होतं, आणि त्यातलं किती त्यांच्यासाठी होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मार्च संपता संपता इकडे प्रत्येक घरात कुलर बाहेर निघतो. पत्र्याचा, मोठा, खिडकीला लावायचा. वर्षभर धूळ खाल्लेल्या ताट्यांमधलं गवत बदलायचं, खालची टाकी घासायची, पाणी वर चढवणारा छोटा पंप तपासायचा. काकाजींचं हे वर्षातलं मोठं काम. आणि त्यात त्यांचा एक नियम होता, जो ते दर वर्षी मला नव्यानं सांगायचे. पाण्यात हात घालायच्या आधी पिन सॉकेटातून काढायची आणि आपल्या डोळ्यांसमोर जमिनीवर ठेवायची. बटण बंद केलं एवढ्यावर भागवायचं नाही. दर उन्हाळ्यात कुलरला चिकटून कुणीतरी जातं, हे इकडे सगळ्यांना माहीत असतं.

त्या दिवशी सकाळी माझ्या कुलरचं गवत बदलून झालं होतं, टाकीत पाणी भरलं होतं आणि पंप एकदा चालवूनही पाहिला होता. पाणी एकाच बाजूनं पडत होतं. सहा-सात महिने मी त्यांच्या हातांवरून नजर हलू दिली नव्हती. त्या दिवशी मी चहा ठेवायला आत गेले. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, स्वच्छ, नेहमीसारखा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आता पिन काढून राह्यलो." मी साखर घातली. "आता पिन समोर ठेवली." मी दूध घातलं. "आता टाकीत हात घालून राह्यलो."

मग काहीतरी भिंतीवर आदळल्याचा आवाज आला.

मी आधी मेन बंद केला. एवढं त्यांनी मला शिकवलं होतं. बाहेर आले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, पाय पसरून. चष्मा पडला होता. उजव्या तळव्यावर पांढुरका डाग उमटला होता. सांडलेलं पाणी त्यांच्या पायजम्याखालून वाहत होतं. वहिनी धावत आल्या होत्या, गल्लीतली आणखी दोघं-चौघं आली. कुणीतरी डॉक्टरांना आणायला गेलं.

ते माझ्याकडे बघत होते. "मॅडम, मी पिन काढलती."

मी जमिनीकडे पाहिलं. पिन तिथे होती, त्यांनी ठेवली होती तशी, अगदी समोर, सरळ. ती शेजारच्या टेबलफॅनची होती. कुलरची भिंतीतच होती.

"हो काकाजी. काढली होती," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पायात रबरी चप्पल होती म्हणून. त्या दुपारी मी नागपूरला फोन लावला आणि मुलाला सगळं सांगितलं. नुसता कुलर नाही. पोळ्याची वात, हौदाचा कॉक, मी यवतमाळहून आणलेला पाना, सगळं. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मी तुम्हाला दिवाळीत विचारलं होतं, मॅडम."

"हो."

"मला तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

"हो."

त्यानं फोन ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला. सकाळपासून पुढच्या खोल्यांमध्ये सामान बांधल्याचे आवाज येत होते. त्या तीन दिवसांत मी काकाजींकडे गेले नव्हते. वहिनी डबा देत होत्या. मी फोन केला हे त्यांना कळलं असणार, मुलानं सांगितलं असेल किंवा नसेल. मला त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं. मी घर झाडलं, सगळे नळ एकदा पाहिले, कडीला तेल घातलं. मला तेवढंच येत होतं.

दहाच्या सुमाराला ते मागे आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, हाताला पट्टी होती. पेचकस नव्हता, दुपट्टाही नव्हता. त्यांचे खांदे मी असे मोकळे कधी पाहिले नव्हते. दार बंद होतं, त्यांनी टकटक केली. मी उघडलं. ते आत आले नाहीत आणि खिडक्यांकडेही वळले नाहीत.

"मॅडम," ते म्हणाले, "काही बिघडलं हाय का तुमच्याकडे?"

आवाज इतका हळू होता की समोरच्या अंगणात तो गेला नसता. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. त्यांना तो विचारावाच लागत नसे, ते ऐकूनच यायचे.

मला वाटलं, आता यापुढे त्यांच्याशी खरंच बोलायचं. तेवढं तरी मी त्यांचं देणं लागते. आणि खरोखरच काही बिघडलेलं नव्हतं, सकाळीच मी सगळं पाहिलं होतं.

"नाही काकाजी," मी म्हणाले. "सगळं ठीक आहे."

ते माझ्या खांद्यावरून आत बघत राहिले, सिंकच्या दिशेनं. मी बाजूला झाले असते तर कदाचित आत आले असते. पेचकस नसतानाही नळापाशी उभे राहिले असते, डोळे मिटून. एखादा थेंब मी दाखवला असता तर गाडी थोडी थांबली असती. हे मला ते गेल्यावर सुचलं. तेव्हा नाही सुचलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग जातो, मॅडम."

घरातून बाहेर पडणारं माणूस जातो म्हणालं, की माझी आई त्याला उंबऱ्यावरून मागे बोलवायची, कुणीही असो, आणि येतो म्हणवून घेऊनच सोडायची. मला ते माहीत होतं. ते हौदाच्या कडेनं हळूहळू चालत पुढे गेले आणि मी दार धरून उभी राहिले.